डाव्या कुशीची खिडकी

समितीचे म्हणणे असे होते : "सदर प्रतिकृती कौतुकास्पद असली तरी विश्वासार्ह नाही. जहाजाच्या उजव्या कुशीस तोफखिडक्यांची ओळ पूर्ण असून डाव्या कुशीस एक खिडकी कमी आहे. कारागिराच्या वयोमानामुळे ती नजरचुकीने राहून गेली असावी. तथापि समिती कारागिराच्या चिकाटीची नोंद घेत असून प्रतिकृती सन्मानपूर्वक परत करीत आहे."

बाईंनी हा मजकूर दारातच, उभ्याने वाचला. मागे संग्रहालयाची दोन माणसे लाकडी पेटी जिन्याच्या वळणातून तिरकी करून वर आणत होती. "आजी, जपून ठेवू ना? आत काच आहे का?" त्यांतल्या एकाने विचारले. "नाही. आत युद्धनौका आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या माणसाने एकदा पेटीकडे, एकदा बाईंकडे पाहून जास्तच जपून पाऊल टाकले. जुने कागद वाचण्यात जन्म घालवलेल्या बाईंना एक सवय जडली होती : कागद काय सांगतो यापेक्षा तो कुठे घाईने चालतो, हे आधी पाहायचे. हा कागद ‘असावी’पाशी घाईने चालला होता. ‘असावी’ हे क्रियापद नव्हे, मागचे दार आहे. ज्याने पाहिले तो ‘आहे’ म्हणतो. ज्याला जेवणाच्या सुट्टीआधी सही उरकायची असते तो ‘असावी’ म्हणतो. आणि ‘राहून गेली’! छत्री राहून जाते. कुणाला तरी फोन करायचा राहून जातो. लढाऊ जहाजाची खिडकी राहून जात नाही, कारण ती भिंतीतल्या खिळ्यासारखी नंतर ठोकायची वस्तूच नव्हे. कण्यावर फासळ्या उभ्या करतानाच तिच्यासाठी दोन फासळ्या अर्ध्यावर थांबवाव्या लागतात, खाली उंबरा द्यावा लागतो, वर पाट बसवावा लागतो, आणि मगच बाहेरून फळ्या चढतात. जो खिडकी विसरला तो एकदा विसरलेला नसतो; त्याला प्रत्येक फळीगणिक नव्याने विसरावे लागते. शिवाय खिडकी विसरली असती तर शेजारच्या खिडक्या एकमेकींकडे सरकल्या असत्या. पेटीचे झाकण काढून बाईंनी पाहिले, तर डाव्या कुशीत बरोबर एका खिडकीएवढी जागा मोकळी होती. पंगतीत न आलेल्या पाहुण्याचे पान राखून ठेवावे तशी. ज्याची जागा राखलेली आहे, त्याला कोणी विसरले असे म्हणत नाहीत. राहता राहिले ‘वयोमान’. ज्या हातांनी उभा जन्म परक्यांच्या तोंडात, ओठांआड, इवल्या आरशातल्या उलट्या प्रतिमेवर विसंबून काम केले, त्या हातांना डावे-उजवे शिकवायला निघालेली समिती कोण, तर ज्यांच्या खांद्यावर डोके केवळ टोपी घालायला सोपे जावे म्हणून दिलेले आहे अशी माणसे.

जहाज बांधणारे दंतवैद्य, म्हणजे बाईंचे यजमान, घरी नव्हते. जन्मभर दुसऱ्यांचे दात राखता राखता त्यांचे स्वतःचे दात कधीच निघून गेले होते, आणि आज ते आपली कवळी घासून घ्यायला आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले होते. "चणे आहेत तर दात नाहीत, हे इतरांचं झालं," जाताना ते म्हणाले होते, "माझ्याकडे दातही आहेत. खिशात." ते परत यायच्या आत हा कागद निकालात काढायचा, असे बाईंनी ठरवले. तो त्यांनी वाचावा आणि ‘वयोमानामुळे’ या शब्दावर काही तरी विनोद करावा, हे त्यांना सहन झाले नसते. राग आला की बाईंचा आवाज चढत नसे, उतरत असे. तशा उतरत्या आवाजात त्यांनी फोन लावला. समितीचा अध्यक्ष हा एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याच्या प्रबंधात ‘तथापि’ हा शब्द इतक्यांदा आला होता की बाईंनी मनोमन त्याचे नावच ‘तथापि’ ठेवले होते, आणि पुढे तो मोठमोठ्या खुर्च्यांवर चढत गेला तरी त्यांच्यालेखी नाव तेच राहिले.

"बाई! नमस्कार! कित्येक दिवसांनी आवाज ऐकला तुमचा."

"आवाज तोच आहे. अहवाल वाचला तुझा."

"तो समितीचा आहे, बाई. मी आपला फक्त..."

"तू फक्त तथापि घातलास. ओळखला मी." पलीकडे एक कसनुसे हसू उमटले. बाईंनी त्याला बसायला जागा दिली नाही. "डाव्या कुशीतून पाणी शिरतं, अशी त्या जहाजाच्या कप्तानाची तक्रार माझ्या पुस्तकात आहे. कुठे आहे?"

"म्हणजे... ते... उत्तरार्धात असावं."

"असावं! वाचलं नाहीस तू. परीक्षण मात्र लिहिलंस. ‘मौलिक’ म्हणाला होतास. न वाचलेल्या पुस्तकाला मौलिक म्हणायची पद्धत तूच काढलीस का, आधीपासून होती?"

"बाई, तुम्ही अजून तशाच आहात."

"पाणी शिरायला लागलं की खलाशी काय करतात? समिती नेमत नाहीत. खिडकी बुजवतात. मूळ जहाजातच ती खिडकी बंद केलेली होती. जागा आहे, खिडकी नाही, याचा दुसरा अर्थ लावून दाखव."

विद्वान माणूस हरला की गप्प होतो. पदाधिकारी हरला की उदार होतो. "हे तर फारच महत्त्वाचं आहे, बाई. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, सहीनिशी. तुमच्या शब्दाच्या पुढे समिती जाणार नाही. गाडी अजून तुमच्याच भागात फिरतेय, जेवणानंतर परत पाठवतो. मधलं दालन देऊ. काचेत, चारी बाजूंनी दिवे. खाली डॉक्टरांच्या नावाची पितळी पाटी. तथापि..."

"तथापि काय?"

"तथापि, एकदा दालनात गेलं की ते कायमचं तिथलं, बाई. परत मागता येणार नाही."

"मागायचंय कुणाला?" असे म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यांना हवी होती ती पाटीच. आपल्या नवऱ्याचे नाव पितळेत कोरलेले त्यांना पाहायचे होते. आणि ते का, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते, दंतवैद्यांना तर नाहीच.

कारण असे की बाईंचे पुस्तक, ज्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली, ते जगात ज्या एकाच माणसाने खरोखर वाचले तो इतिहासकार नव्हता. पुस्तक निघाले, चार ठिकाणी ‘मौलिक’ ठरले आणि कपाटात जाऊन बसले. त्यात एका लढाऊ जहाजाची हकीकत होती. ते ओल्या लाकडातून घाईघाईने बांधले गेले, बंदराच्या तोंडाशी पहारा देत म्हातारे झाले आणि एकही लढाई न जिंकता मोडीत निघाले. पराभूतांबद्दल ग्रंथ लिहिता येतात. ज्यांना लढायलाच कुणी बोलावले नाही त्यांच्याबद्दल लिहिणारा आपणही त्यांच्यातलाच होऊन बसतो, हे बाईंना निवृत्त झाल्यावर कळले. त्यांनी बोलणे सोडले असे नव्हे. वाक्ये आखूड होत गेली. हो. नाही. तिथे ठेवा. झाकण लावा. दंतवैद्यही तेव्हा नुकतेच दवाखाना बंद करून घरी बसले होते, आणि दोन खोल्यांत दोन पंखे फिरत होते, एवढाच त्या घराचा संवाद होता. भांडण नव्हते. भांडणालाही वाक्य पूर्ण करावे लागते. वन्सं एकदा राहायला आल्या होत्या, त्या जाताना भावाला म्हणाल्या, "तुमच्या घरापेक्षा वाचनालयात जास्त गलका असतो रे!" त्यावर दंतवैद्य हसले होते. मग एका सकाळी चहाच्या टेबलावर बाईंचे पुस्तक उघडे पडलेले दिसले, मध्ये लवंगेच्या तेलाचा डाग, आणि दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "काय हो बाई, इथे लिहिलंय जहाजाची नाळ पुढे झुकलेली होती. जहाजाला नाळ असते? मग वार कुठे पडते?"

नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे, पाणी कापत जाणारे टोक. हे सांगायला बाईंनी तोंड उघडले आणि त्याऐवजी त्यांना हसू फुटले. ते थांबेना. त्या दोघांना मूल नव्हते. एकदा होता होता राहिले होते, आणि तेव्हापासून ‘नाळ’ हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. बाईंनी मात्र तो पुस्तकात पानोपानी लिहिला होता, केवळ एक नौकाशास्त्रीय संज्ञा म्हणून, भुवई न हलवता. दंतवैद्यांनी तो तिथून उचलून चहाच्या कपाशेजारी ठेवला होता. इतका हलकेच की बाईंना तो दुखला नाही. बऱ्याच वर्षांनी एखादी गाठ सुटावी तसा सैल झाला. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, "पोट गोलसर होतं म्हणतेस. गोलसर म्हणजे केवढं? माझ्याएवढं?" तिसऱ्या दिवशी एक फळकूट आले, मग करवत आली, मग अडगळीतून दात कोरायचे जुने यंत्र बाहेर निघाले आणि ज्या आवाजाने शहरातली अर्धी माणसे खुर्चीचे हात घट्ट धरून बसत, तो आवाज घरात सकाळ-संध्याकाळ मंजूळ होऊन घुमू लागला. अठ्ठेचाळिसास एक या प्रमाणात बाईंचे पुस्तक लाकडात उतरू लागले. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," दंतवैद्य म्हणत, "आपलं भरलं. आता जहाजाचं भरू या." प्रत्येक फळीपाशी प्रश्न होता आणि प्रत्येक प्रश्नाला बाईंना पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे लागे. कधी उत्तर ठाऊक नसे. मग दोघे मिळून पुस्तकाच्याच लेखिकेवर शंका घेत. कधी त्या चिडत, "अहो, सुतळीएवढी जाड दोरी लावलीत, तिने गलबत बांधायचंय की म्हैस?" आणि दंतवैद्य निमूटपणे दोरी उसवून पुन्हा पातळ वळत. डोलकाठ्या चढल्या, शिडे लागली. लाकडाचा भुसा चहात पडे, पुस्तकात पडे, बाईंच्या पांढऱ्या केसांत पडे. रोज झोपण्यापूर्वी तो झटकताना बाईंना वाटे की आपण कुठे तरी काम करून आलो आहोत. असे किती हिवाळे गेले, हे त्यांनी मोजले नाही. वर्षांचा हिशेब ही त्यांची जन्माची विद्या. तिथे मात्र त्यांनी ती वापरली नाही. हे उपकार आहेत, असे त्यांना कळत होते, आणि उपकार फेडायचा एकच मार्ग विद्वानांना ठाऊक असतो : नाव छापणे. म्हणून जहाज पुरे झाल्यावर त्यांनीच संग्रहालयाला कळवले होते. दंतवैद्य म्हणाले होते, "बघ बुवा, तुला वाटत असेल तर." बाईंनी त्याचा अर्थ होकार असा लावला. समकालीन साधन इतके जवळ असताना त्याचा अर्थ लावताना इतकी घाई त्यांनी दुसऱ्या कुणाला माफ केली नसती.

आता त्या टेबलाशी बसल्या आणि लिहू लागल्या. मजकूर उत्तम उतरत होता. खलाशांचे रिवाज, ओल्या लाकडाचा स्वभाव, कप्तानाची तक्रार, सगळे एकाला एक असे सांधत गेले की तथापिच काय, तथापिचे गुरूही गप्प बसावेत. फक्त एक गोष्ट बाईंना मधूनमधून टोचत होती. कप्तानाने पाणी शिरते असे लिहिले होते. खिडकी बुजवली असे लिहिले नव्हते. ते बाईंनी फोनवर, रागाच्या भरात, स्वतःच लिहिले होते. एखाद्या विद्यार्थ्याने हे केले असते तर त्याला त्यांनी दारापर्यंतही पोचवले नसते. पण दुसरा अर्थ तरी काय होता? ते जहाज त्यांच्या घरात उभे राहिले ते नेहमी डावी कूस भिंतीकडे करून, आणि दंतवैद्यांनी तिकडे काय केले, का केले, हे त्यांनी विचारले नव्हते. कदाचित त्यांना पुस्तकातूनच काही दिसले असेल. आपल्याला आपल्याच पुस्तकात न दिसलेले. या विचारानेही बाईंना एक प्रकारचा अभिमान वाटला. सही करण्यापूर्वी साधन प्रत्यक्ष पाहायचे, या जुन्या शिस्तीने त्यांनी हस्तलिखिते वाचायचे भिंग काढले, जहाज उजेडाकडे वळवले आणि त्या मोकळ्या जागेवर भिंग धरले.

लाकडाच्या रेषा नदीसारख्या वाहत होत्या. फळीच्या एका टोकापासून निघून त्या मोकळ्या जागेपर्यंत आल्या, तिथे किंचित थबकल्या आणि पुढे पुन्हा वाहू लागल्या. त्या थबकण्यात बाईंची जन्माची विद्या खडबडून जागी झाली. बनावट सनदा त्यांनी कमी पाहिल्या नव्हत्या. खोडून वर नवे अक्षर लिहिले की शाई तिथे अशीच दबकत चालते. त्या चौकोनातल्या रेषा वाढलेल्या नव्हत्या, ओढलेल्या होत्या. दाताच्या कोरणीने. आणि खाली लाकूड नव्हते. बाईंनी नखाने हलकेच टकटक केले. आवाज निराळा आला, कपाच्या कानासारखा. ते सिमेंट होते. दाढ भरायचे सिमेंट, त्यात भुसा मिसळून रंग जुळवलेला. वरून नाळेकडच्या झरोक्यातून पेनमधला दिवा आत धरला, तेव्हा खिडकीचा उंबरा दिसला, वरचा पाट दिसला, अर्ध्यावर थांबवलेल्या दोन्ही फासळ्या दिसल्या. चुना फासावा तसे भरण घातलेले नव्हते. खिडकीच्या कडा आतून जरा रुंद, तोंडाशी अरुंद कोरून मग भरले होते, म्हणजे जन्मात निसटू नये. असे फक्त एकाच धंद्यातला माणूस करतो. खिडकी विसरलेली नव्हती. मूळ जहाजात बंद नव्हती. ती इतर खिडक्यांसारखीच निगुतीने पाडली होती, आणि नंतर, सगळे जहाज पुरे झाल्यावर, तितक्याच निगुतीने बुजवली होती. समिती चूक होती आणि बाईही चूक होत्या, आणि दोघांनी मिळून ज्याला सोडून दिले होते तो गुन्हेगार आत्ता जिन्यात खोकत होता.

बाईंचा राग गेला नव्हता. त्याला बसायला जागा उरली नव्हती. टेबलावर सहीविना पडलेला मजकूर खोटा होता. तो दिला तर नवऱ्याचे नाव पितळेत कोरले जाणार होते आणि जहाज कायमचे जाणार होते. दिला नाही तर संग्रहालयाच्या दप्तरी तो माणूस ‘वयोमानामुळे’ राहणार होता, हात थरथरणारा एक चिकाटीचा म्हातारा. आणि या दोहोंच्या मध्ये, नखाएवढ्या एका चौकोनात, तिसरेच काही बुजवून ठेवलेले होते.

"आला वाटतं आपला लढवय्या परत," दंतवैद्य दारातून म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटले नाही, हे बाईंनी पाहिले. "काय म्हणतात तुझे पंडित?"

"म्हणतात की खिडकी राहून गेली."

"राहिली असेल बुवा. वय झालं." ते चपला काढायला नको तितका वेळ वाकून राहिले.

"अहो, इकडे या."

"हातपाय धुऊन येतो."

"तसेच या. ही काय आहे?"

दंतवैद्यांनी खिडकीकडे पाहिले, मग भिंगाकडे, मग बाईंकडे. "दाढ दिसतेय."

"कुणी भरली?"

"काम चांगलं आहे. ज्याने केलं त्याला विचार."

"त्यालाच विचारते आहे. विनोद नको. गाडी येतेय, आणि मी इथे सही करायला बसलेय की मूळ जहाजातच हे असं होतं. माझ्या नावाने खोटं जाऊ देऊ?"

"तू खोटं लिहिलंस?" त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "माझ्यासाठी?"

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

दंतवैद्य खुर्ची ओढून जहाजापलीकडे बसले. शिडांच्या मधून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. नव्याने घासलेली कवळी त्यांनी जिभेने एकदा चाचपली आणि मग ते बोलू लागले, बाईंकडे न पाहता, डोलकाठीला बोटाने आधार देत, जणू ती पडेल. ते थांबले तेव्हा बाईंनी आपला उत्तम उतरलेला मजकूर आडवा-उभा फाडला, कोरा कागद घेतला, आणि साक्षीदाराचे म्हणणे जसे घ्यायला हवे तसे, म्हणजे साक्षीदारावर उपकार न करता, उतरवून घेतले. लिहिताना अक्षर दोनदा ओले झाले. ते त्यांनी टिपून घेतले, गिरवले नाही. खाली गाडीचा भोंगा वाजला. संग्रहालयाच्या माणसाच्या हाती बाईंनी दिला तो कागद असा :

"समितीचा निष्कर्ष चुकीचा आहे. खिडकी राहून गेलेली नाही, बुजवलेली आहे, आणि बुजवणाऱ्याचा हात यत्किंचितही थरथरलेला नाही. मी फोनवर सांगितलेला अर्थही चुकीचा होता. तो मागे घेते. जहाज देणार नाही. गाडी रिकामी पाठवीत आहे. आधार म्हणून आरोपीचा जबाब शब्दशः देते, त्यात काना-मात्रेचाही फरक केलेला नाही :

‘हो, मीच बुजवली. ते न्यायला यायच्या आदल्या दिवशी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. दुसरं काही मोडवेना गं मला, डोलकाठीवर हात धजेना. म्हटलं, एवढ्याशावरून तुझे पंडित परत पाठवतील. आणि तुला नको कसं म्हणू, तू इतक्या हौसेनं त्यांना कळवलं होतंस. जन्मभर माझ्यासमोर माणसं आ करून बसली, बाई, आणि एकालाही धड बोलता आलं नाही. घरी यायचो तर तू गप्प. तुला बोलतं करायला मला अख्खं लढाऊ जहाज बांधावं लागलं. ते गेलं असतं तर मी दुसरं कुठून बांधणार होतो?’"